सकाळी दहा ते संध्याकाळी सहा

मानसोपचाराच्या ओपीडीत नातेवाइकांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. गोळ्या वेळेवर घेतो ना? झोप लागते? जेवण कसं आहे? कुणावर धावून जात नाही ना? अजून आवाज ऐकू येतात म्हणतो का? प्रश्न योग्यच आहेत, आणि दाराबाहेर बाकं भरून माणसं बसलेली असताना डॉक्टरांनी याहून जास्त विचारायचं तरी कधी? उत्तरंही ठरलेली असतात. "नाही हो, आता शांत असतो." त्याच गोळ्या पुढच्या महिन्यासाठी लिहून मिळतात, मुलगा आईच्या मागोमाग औषधांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि केसपेपरवर सुधारणा असल्याची नोंद होते.

शांत असतो म्हणजे काय करतो, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळतं. साडेदहाला उठवलं की उठतो. चहा पलंगावर. चहा घेतला की परत आडवा. दुपारी वाढलेलं ताट समोर येतं. टीव्ही चालू असतो, तो बघत नसतो. संध्याकाळी गॅलरीत उभा राहतो आणि खालून ओळखीचं कुणी जाताना दिसलं, की हाक मारील म्हणून आत येतो. रात्री आई गोळ्या हातावर ठेवते. असा एक दिवस, त्याला लागून तसाच दुसरा, आणि बघता बघता दहा वर्षं निघून जातात. आवाज थांबलेले असतात, भांडणं थांबलेली असतात, संशय निवलेला असतो. बाकीचं सगळंही थांबलेलं असतं.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. आजारामुळे माणसाच्या हातून सुटलेली रोजची कामं त्याच्या हातात परत यावीत, यासाठी मदत करणं हे माझं काम. आंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, नोकरी, दुपारची झोप न काढता दुपार घालवणं, हे सगळं त्यात आलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा काळ माणूस कसा घालवतो, यावर तो आजारातून किती बाहेर आला हे ठरतं, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

स्किझोफ्रेनियावरची औषधं भास आणि संशय यांवर चांगली चालतात. पण काही करावंसं न वाटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, माणसांत मिसळण्याची इच्छा आटणं, हातातल्या कामात लक्ष न टिकणं, एक काम संपल्यावर पुढचं न सुचणं, यांच्यावर ती फारशी चालत नाहीत. ही लक्षणं आरडाओरडा करत नाहीत, म्हणून कुणाला ती लक्षणं वाटतच नाहीत. घरचे त्याला आळस म्हणतात. शेजारी म्हणतात, बापाच्या पेन्शनवर बसून खातो. ऐकून ऐकून तोही तेच म्हणायला लागतो. मान खाली घालून "मॅडम, मीच आळशी आहे" असं सांगणारी कितीतरी माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. पाय मोडलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही.

चहापासून सुरुवात करायला मला आवडतं. आमच्या विभागात एका कोपऱ्यात छोटा ओटा होता, दोन बर्नरची शेगडी, वर फळीवर डबे. "दोन कप चहा करा, एक तुमचा, एक माझा," एवढंच सांगायचं आणि स्टुलावर बसून राहायचं. मदत लगेच करायची नाही, हे त्यातलं सगळ्यात अवघड.

एक गृहस्थ आठवतात. चाळिशीचे असतील. भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलेले, नंतर आजारात नोकरी गेलेली. ओट्यासमोर उभे राहिले ते उभेच. पातेलं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांना चहा येत नव्हता असं नाही. 'आता सुरू कर' असं आतून जे कुणीतरी सांगतं, ते सांगणारंच गप्प झालं होतं. बऱ्याच वेळाने पातेलं नळाखाली गेलं आणि जवळजवळ काठोकाठ भरलं. दोन कपांचा अंदाज गेलेला. मग त्यांनी गॅसची कळ फिरवली आणि लायटर शोधायला लागले. लायटर फळीवर होता, गॅस सुटत होता. मी उठून कळ बंद केली, काही न बोलता लायटर त्यांच्या हातात दिला आणि परत स्टुलावर येऊन बसले. पाणी उकळायला लागलं, तसे ते बघत राहिले. उकळतंय, वाफ येतेय, पत्तीचा डबा हाताशी आहे, तरी बघतच राहिले. "आता काय घालायचं?" एवढं विचारल्यावर लगेच म्हणाले, "पत्ती." म्हणजे माहीत होतं. थांबून राहण्याच्या त्या वेळात धागा सुटला होता.

दूध घातलं, आणि मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला. चहा वर यायला लागला. मी काही बोलायच्या आत त्यांचा हात गेला आणि आच बारीक झाली. अगदी वेळेवर. यंत्रावर वर्षानुवर्षं नजर ठेवलेल्या माणसाचा तो हात होता. आजाराने पुष्कळ नेलं होतं, हे नेलं नव्हतं. मी वहीत लिहिलं: सुरुवात अडते, अंदाज चुकतो, वाट बघताना क्रम तुटतो, धोका आधी सुचत नाही पण डोळ्यांसमोर आला की हात अचूक चालतो.

त्यांनी चहा गाळला. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "साखर चालते ना तुम्हांला?" दाराशी बसलेली त्यांची आई चमकून बघायला लागली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी आपणहून कुणाला काही विचारल्याला कित्येक महिने झाले होते. वॉर्डात त्यांच्याशी आम्ही सगळे बोलत होतो आणि ते हो-नाहीच्या पलीकडे जात नव्हते. हातात कप आल्यावर समोरच्या माणसाशी बोलायला कारण मिळालं. गप्पा मारा म्हटलं की आजारी माणसाला सुचत नाही, पण काम करता करता बोलणं येतं.

पुढचे आठवडे मग त्या वहीतल्या ओळींवर गेले. घरच्या शेगडीच्या कळेशेजारीच खिळ्याला लायटर टांगला. पाणी मोजायला त्यांचा रोजचा कपच वापरायचा ठरलं. भिंतीवर ठळक अक्षरात पाच ओळींचा कागद लावला, आणि पाणी उकळेपर्यंत कप विसळायचे, म्हणजे वाट बघण्याचा वेळ रिकामा राहणार नाही. सकाळचा वडिलांचा चहा त्यांच्याकडे आला. आईला मी एकच विनंती केली, की सातला तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही. ते तिला फार जड गेलं. मुलगा गॅसपाशी एकटा आहे, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती, म्हणून पहिले काही दिवस वडील दारात पेपर घेऊन बसले. चहा जमल्यावर दूध आणणं, दूध आणताना सुट्टे पैसे, सुट्ट्या पैशांवरून दूधवाल्याशी दोन शब्द. एकदम 'बाहेर जात जा' म्हटलं असतं, तर ते गेले नसते. पिशवी हातात होती म्हणून गेले.

हे मला सुचलेलं नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क गावात विल्यम ट्यूक या क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या, गृहस्थाच्या पुढाकाराने १७९६ साली मनोरुग्णांसाठी एक घर उघडलं. बेड्या आणि मारहाण हीच रीत असण्याचा तो काळ. या घरात बाग होती, शिवणकाम होतं, आणि रुग्णांना चांगले कपडे करून चहाला बोलावलं जायचं, पाहुण्यासारखं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा ओटाच डोळ्यांसमोर आला. पुढे अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचा एक वास्तुविशारद क्षयाने आणि मग अर्धांगाने खचला. बागकाम आणि सुतारकाम करत तो स्वतः सावरला आणि १९१७ साली क्लिफ्टन स्प्रिंग्ज या त्याच्या गावी त्याने काही जणांना जमवून या शास्त्राची पहिली राष्ट्रीय संघटना उभी केली. त्या संस्थापकांत एलिनॉर क्लार्क स्लेगल होत्या. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून राहिलेल्या माणसांचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस त्यांनी सवयींनी बांधून काढला. स्लेगल ज्यांच्याबरोबर काम करत ते मनोविकारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर यांनी १९२२ च्या लेखात मांडलं, की काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींचा तोल माणसाला संकटातही सांभाळता यायला हवा, आणि तो तोल सांभाळायला शिकायचं तर प्रत्यक्ष करूनच. शंभर वर्षं झाली, मला यात बदलण्यासारखं काही सापडलेलं नाही.

आपल्याकडे हे आणलं कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर पुन्हा अमेरिकेत जाऊन त्या हे शास्त्र शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, आशियातली पहिली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाचं नाव शिक्षणाशी संबंध असलेल्या मराठी माणसाला माहीत असतं. ते नाव ज्यांचं, त्यांचं हे दुसरं काम मात्र आमच्या व्यवसायाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

आता माझ्या कामातल्या एका वर्तुळाविषयी. नव्या माणसाला मी कागदावर एक मोठं वर्तुळ काढून देते, चोवीस तासांचं घड्याळ. कालचा दिवस भरा म्हणते. कधी झोपलात, कधी उठलात, काय केलंत, आणि त्यातलं स्वतःला हवं म्हणून काय केलंत. पुष्कळदा वर्तुळाचा अर्धाअधिक भाग झोपेचा आणि पडून राहण्याचा निघतो. त्यातली काही झोप आजाराची असते, काही गोळ्यांची. रात्री साडेअकराला घेतलेली गोळी सकाळी दहापर्यंत डोळे उघडू देत नाही, आणि हे ओपीडीच्या घाईत कुणी सांगितलेलं नसतं. वर्तुळाचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की ते गोळीची वेळ अलीकडे घेतात किंवा डोस बघतात, आणि सकाळचे दोन तास मोकळे होतात. त्यासाठी एक कागद आणि पेन पुरतं.

त्याहून महत्त्वाचा दुसरा कागद, आईचा. मी आईलाही वर्तुळ भरायला देते. ते गच्च भरलेलं असतं. त्याला उठवणं, त्याचं पाणी काढणं, त्याचे कपडे काढून ठेवणं, त्याचं ताट, त्याचं अंथरूण, त्याचा मोबाइल चार्जिंगला लावणं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की न बोलता कळतं, मुलाचा दिवस कुठे गेलाय ते. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. आजाराच्या भरात, जेव्हा तो खरोखर काहीच करू शकत नव्हता, तेव्हा तिने ते सगळं उचललं म्हणून तो जगला. परत कधी द्यायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही, इतकंच. मग आम्ही तिच्या वर्तुळातलं एक काम निवडतो आणि त्याच्या वर्तुळात लिहितो. एका वेळी एकच. अंथरुणाची घडी, बस. घडी वाकडी झाली तर ती परत घालायची नाही, हे आईकडून कबूल करून घ्यावं लागतं.

कामाने माणूस सावरतो हे एकदा मान्य केलं की एक धोकाही मान्य करायला हवा. जगभरच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांकडून शेती, धोबीघर, विणकाम, झाडलोट करून घेतलेली आहे आणि ते उपचार म्हणून खपवलं गेलेलं आहे. त्या कामावर संस्था चालायच्या. माणूस जितका कामाचा, तितकी त्याला घरी सोडायची घाई कमी. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की मनोरुग्णालयात कुणावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यायला हवा. हे कलम प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लावलं पाहिजे. मी स्वतःला विचारत असते, या कामातून कुणाचं काय साधतंय? वॉर्डातले सगळे रुग्ण दुपारी रांगेत बसून कागदी पाकिटं चिकटवतायत, कारण कागद आणि खळ आहे आणि दोन तास गोंगाट नको आहे, तर तो उपचार नाही. तीच पाकिटं एखाद्या जुन्या रद्दीवाल्याने चिकटवली, मोजली, गठ्ठा बांधला आणि बाजारभाव किती यावर माझ्याशी वाद घातला, तर तो आहे. बघणाऱ्याला दोन्हीकडे पाकिटंच दिसतात.

नोकरीबाबत घरोघरी एकच वाक्य असतं, "आधी पूर्ण बरा होऊ दे." अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आजारी पडलेल्या एका मुलाची अशी पाच वर्षं गेली होती. बरा झाल्यावर परीक्षा, परीक्षेनंतर नोकरी, नोकरीनंतर लग्न, सगळं त्या एका 'बरा'मागे रांग लावून उभं. आधी प्रशिक्षण, मग तयारी, मग जमलं तर नोकरी, या वाटेने गेलेली माणसं बहुतेक वाटेतच राहतात. त्यापेक्षा माणसाला हवं असलेलं खरं, पगारी काम आधी शोधायचं, आणि तो तिथे टिकावा म्हणून तिथेच सोबत करायची, ही पद्धत जास्त यशस्वी ठरते, हे अनेक देशांत झालेल्या चाचण्यांतून पुढे आलं आहे. या मुलाच्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. सकाळी नऊ ते अकरा, गर्दी व्हायच्या आधी. पहिल्या आठवड्यापासून पगार, हा माझा हट्ट. लोक मागून बघतायत असं त्याला वाटायचं, म्हणून मशीन भिंतीकडून काढून असं ठेवलं की त्याची पाठ भिंतीला राहील. गिऱ्हाईक तोंडी सांगायचं ते त्याच्या ध्यानात राहायचं नाही, म्हणून किती प्रती, पाठपोट की एकाच बाजूला, रंगीत की साधं, हे लिहायला चिठ्ठ्यांचा पॅड ठेवला. गंमत अशी, की त्या चिठ्ठ्यांमुळे मावसभावाच्याही चुका थांबल्या. अधूनमधून आवाज येत होते त्याला. ते येत असतानाही तो पाठपोट काढत होता. 'पूर्ण बरा' झालेला नव्हता, आणि महिन्याच्या पगारातून त्याने आजीला चप्पल आणली.

औषधं सोडून हे करा, असं कुणी यातून काढू नये. तीव्र अवस्थेत, जीव द्यायचे विचार असताना, भासांनी माणूस सैरभैर झालेला असताना आधी डॉक्टर आणि औषध. आमचं काम त्याच्या खांद्याला खांदा लावून चालतं, आणि सगळ्यांनाच फळतं असंही नाही. काही माणसं इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेली असतात की अंथरुणाच्या घडीपर्यंत येणंच त्यांच्यासाठी मोठं असतं. तेवढंही मला मोलाचं वाटतं.

दुःख आहे ते हे शास्त्र पोचत नाही याचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. जिथे गोळीच पोचत नाही, तिथे वर्तुळाचा कागद कुठून पोचणार? महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आमचे विभाग आहेत. तालुक्याच्या गावी, जिथे माणूस डिस्चार्ज घेऊन परत जातो, तिथे कुणी नाही. आमच्यातले नवे पदवीधरही बहुतेक लहान मुलांच्या उपचाराकडे वळतात, कारण तिथे दवाखाना चालतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण कायद्यात अर्ध्या वाटेवरची निवासं (हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधली राहायची सोय) आणि आधाराची घरं लिहिलेली आहेत, आणि ती चालवायला दिवस बांधून देणारी माणसं लागतील, हे पदं मंजूर करणाऱ्यांच्या ध्यानात यावं असं फार वाटतं.

आणि एक बाई, ज्यांच्याविषयी लिहायचं म्हणून खरं तर लिहायला बसले. डोंबिवलीच्या, पन्नाशीच्या, एकत्र कुटुंबातल्या मोठ्या जाऊबाई. नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या. घरात दोन वाक्यं आलटून पालटून चालायची. धाकटी जाऊ म्हणायची, "वहिनी, तुम्ही आराम करा, मी आहे ना." नवरा म्हणायचा, "काहीतरी करत जा, म्हणजे मन रमेल." पहिलीने प्रेमाने सगळं हातातून काढून घेतलं होतं, दुसऱ्याचं 'काहीतरी' एवढं मोठं होतं की कुठून धरायचं ते कळत नव्हतं. त्या स्वतः म्हणायच्या, "मन लागलं की करीन." नैराश्यात हेच फसतं. करणं थांबलं की करण्यातून मिळणारं बरं वाटणंही थांबतं, मग आणखी करवत नाही. मन लागायची वाट बघत बसलं तर ते लागत नाही. आधी हात लागतो, मन मागून येतं, कधी कधी बरंच मागून.

आम्ही मेथीपासून सुरुवात केली. पोळ्या नाही, मेथी. पोळीला वेळ सांभाळावी लागते, तवा तापतो, लाटणं थांबवता येत नाही, आणि पोळी चुकली तर चौघांना ताटात दिसते. मेथी चुकत नाही. हात आपोआप चालतो, बसून करता येते, दमलं तर सोडून उठता येतं, आणि शेवटी निवडलेल्या पानांचा ढीग समोर असतो. पहिल्या दिवशी अर्धी जुडी. उरलेली अर्धी जावेने निवडायची, पण वहिनींच्या शेजारी बसून.

घरच्यांचं म्हणणं, पूर्वीसारखा सगळ्यांचा स्वयंपाक करायला लागल्या की झालं. त्यांना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला स्वयंपाकघर नको. मला फॉल लावायचे आहेत." लग्नाआधी माहेरच्या चाळीत त्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. सासरी आल्यावर ते बंद झालं, कुणी बंद केलं असं नाही, वेळच उरला नाही. मी त्यांना एक जुनी सुती साडी आणायला सांगितली. त्यांनी फॉल आधी पाण्यात भिजवला, वाळवला, इस्त्री केली, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून साडीला चुण्या पडतात, हे त्यांनीच मला समजावलं. मग मांडीवर काठ घेऊन टाके घालायला बसल्या. काठाचा एकच धागा सुईवर घ्यायचा, उजव्या बाजूने टाका दिसता कामा नये. हात कापत होता, औषधाने येतो तसा बारीक कंप. पहिले टाके उसवले, पुन्हा घातले. तासाभराने साडी उलटी करून उजेडात धरली आणि बोट फिरवत तपासली. "इथे दिसतोय," म्हणाल्या आणि तेवढाच टाका काढला. स्वतःच्या कामातली चूक शोधून ती सुधारण्याइतका स्वतःवर भरवसा त्यांना परत आला होता, आणि तो मला त्यांच्या कुठल्याही चाचणीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटला.

स्टेशनजवळच्या एका मॅचिंग सेंटरशी बोलणं त्यांनी स्वतः केलं, मुलीला बरोबर नेऊन. सुरुवातीला दिवसाआड एक साडी. मग लग्नसराई आली आणि दुकानदाराने गठ्ठाच पाठवायला सुरुवात केली. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा झोप पुन्हा मोडलेली होती, चेहरा ओढलेला. आम्ही वर्तुळ काढलं. एका साडीला किती वेळ, पाठ किती वेळाने भरून येते, दुपारची विश्रांती कुठे बसते, संध्याकाळी जावेबरोबर फिरायला जायचं ते टिकवायचं की नाही. फिरणं टिकवायचं, हे त्या लगेच म्हणाल्या. गणित त्यांनीच केलं, उत्तर आलं तीन. माझ्यासमोरच फोन लावला. दुकानदार सीझनचं कारण सांगत होता, थोडा जास्त भावही देतो म्हणाला. "भाऊ, भाव वाढवलात तर घेईन," त्या म्हणाल्या, "पण साड्या तीनच."